शेपटीवाल्याच्या बायकोवर लावलेली पैज

आम्ही नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते हे: मी पुस्तक वाचत होतो आणि ती कवड्या फोडत होती. कवड्या म्हणजे कपाशीची नीट न उमललेली बोंडं. हंगाम सरताना झाडावर तीच उरतात. ती तोडून घरी आणायची, वाळवायची आणि बसल्या बसल्या एकेक फोडून आतला कापूस ओढून काढायचा. त्या कापसाले बाजारात कोणी धड विचारत नाही, पण टाकून देणं तिच्या स्वभावात नव्हतं. गोठ्याच्या टिनाखाली ती खांबाले पाठ लावून बसली होती, मी समोर बाजेवर. दुपार होती. त्यानंतर आम्ही मिळून काहीच केलं नाही.

मी शाळेत चौथीपर्यंत गेलो. लिहायची सवय नाही, म्हणून जसं झालं तसं लिहितो. घरात आम्ही गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, बोलायचो, तांड्यात सगळेच बोलतात. पण वाचणाऱ्याले कळावं म्हणून तिचं बोलणं इथं मराठीत घातलं आहे. गोरबोलीत ती याहून जास्त झोंबायची.

पुस्तक मी नेरच्या बाजारात रद्दीवाल्याजवळून आणलं होतं. वरच्या चित्रामुळे आणलं. एक गोरा माणूस, हातात लांब बंदूक, अंगात चामड्याचा कोट, आणि डोक्यावर केसाळ टोपी. त्या टोपीले मागं शेपूट. घरी आणून तिले दाखवलं तर ती म्हणाली, "अवो, ह्यानं डोक्यावर मांजर काहून घेतलं?"

"मांजर नाही. टोपी होय थे."

"मंग शेपूट कायले ठेवलं? कापाले इसरला का?"

त्या दिवसापासून त्याचं नाव शेपटीवाला पडलं. पुस्तकात त्याचं खरं नाव आहे, पण ते घेता घेता माझी जीभ दोनदा दाताखाली आली, म्हणून मी नाद सोडला.

आता वाचायचं कधी, यावरून पहिलं भांडण झालं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून मले बल्बाच्या उजेडात अक्षर दिसत नाही. म्हणजे दिवसाच वाचणं आलं. आणि दिवसा गोष्ट सांगायची नाही, असं आमच्यात जुनं आहे. दिवसा गोष्ट सांगितली तर वाटेवरचा कोणीतरी वाट चुकतो, असं आमचे म्हातारे मानत. माझ्या आजोबाच्या आजोबापर्यंत आमचा तांडा बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत होता. घरोघरचा कोणीतरी सदा वाटेवरच असायचा, म्हणून ते तसं मानत असतील. आता कोण वाटेवर आहे? पोरगा पुण्याले कंपनीत आहे, जातो तो एसटीनं, त्याले काय वाट चुकायची. पण ती ऐकेना.

"हे गोष्ट नाही," मी म्हटलं. "हे घडलेलं हाये. छापलेलं हाये."

"सांगता थे तोंडानंच ना?"

"मंग का करू? रात्री कंदील धरतं का डोळ्यात?"

दोन दिवस पुस्तक तसंच पडलं. तिसऱ्या दिवशी तिनंच तोड काढली. आमच्यात गोष्ट सांगणाऱ्याले ऐकणाऱ्यानं हुंकारा द्यावा लागतो. दर वाक्याले "हूं" म्हणायचं. हुंकारा थांबला की सांगणारा थांबतो. ती म्हणाली, "मी हूं म्हननारच नाही. हूं नाही म्हटलं का गोष्ट झाली नाही. तुमी आपले बडबडा, मी आपलं काम करतो. कोनी वाट चुकत नाही."

अशी ती हुशार. पण त्रास मले झाला. तुम्ही कधी दगडासमोर वाचलं आहे का? मी घसा कोरडा करून वाचावं आणि समोरून चूं नाही, कूं नाही. ऐकते की झोपली, कळायचं नाही. मी चष्म्यावरून पाहायचो, तर हात चालू. जास्त राग आला किंवा जास्त पटलं तर फोडलेल्या बोंडाचं कवच माझ्या पायावर भिरकवायची. दोन्हीले एकच खूण. मी पुस्तकात बोट घालून ते मिटलं की मग तिचं तोंड सुटायचं.

शेपटीवाल्याची कहाणी थोडक्यात अशी. गरीब शेतकऱ्याच्या घरी जन्मला. शाळेत मन लागलं नाही, पळाला. हरणं मारून कातडी विकायचा. त्यांच्या मुलखाच्या सरहद्दीवर डोंगरांची लांब रांग होती, तिच्यापलीकडं जायचं नाही असा राजाचा हुकूम होता. हा गेला. झाडांवर कुऱ्हाडीच्या खुणा करत वाट पाडली, परत आला, आणि बरीच कुटुंबं, बैल, घोडे, मिठाची पोती घेऊन पुन्हा गेला. पलीकडं नदीच्या वळणावर लाकडाची घरं बांधली.

इथं तिनं पहिलं कवच मारलं. मी पुस्तक मिटलं.

"हा आपल्यातला होय," ती म्हणाली. "नायक होय तांड्याचा."

"अवं, तो गोरा हाये. सात समुद्रापलीकडचा."

"असू द्या ना. बैल हायेत, मीठ हाये, तांडा हाये. आनखी का पायजे?"

नायक म्हणजे तांड्याचा मुखिया. एकदा तिनं त्याले नायक ठरवलं आणि मग त्याच्याकडून नायकाची वागणूक मागायले लागली. त्या डोंगरापलीकडच्या जंगलात आधीपासून लोक राहत होते. पुस्तकानं त्यांना रानटी लिहिलं होतं. ते मी वाचलं तर दोन कवचं आली. झरी जामणीकडं तिची मावशी दिली होती, लहानपणी ती तिकडं राहिली होती, तिथल्या कोलाम आदिवासींच्या पोरींसंगं जंगलात हिंडली होती.

"लोक रायत होते तर यानं वाट कायची शोधली? वाट त्यायचीच असन. हा नुस्ता चालला तिच्यावरून."

"मले काहून इचारतं? मी लिवलं का हे?"

"वाचून तर तुमीच राह्यले."

असं चालायचं. पान वाचायचं आणि शिव्या खायच्या. मी तिले किती वेळा म्हटलं, पुस्तक तुले आवडत नाही तर विकून टाकतो. तर म्हणायची, "वाचा. मले पाह्यचं हाये तो बायकोचं का करते."

कारण बायकोचं पुस्तकात काहीच नव्हतं. त्याच्या बंदुकीची लांबी होती, बंदुकीच्या दारूचं वजन होतं, कुत्र्याचं नाव होतं. बायको एका ओळीत आली, लग्न झालं म्हणून, आणि नंतर मधून मधून लेकरं झाली म्हणून. मलेही चीड आली, खोटं कशाले सांगू. पण मी कबूल केलं नाही.

पुढं शेपटीवाला बंडखोर झाला. राजाचे लोक कर मागायले आले, यानं हाकलले. मग राजाच गेला, तिथं त्यांचं स्वतःचं सरकार आलं, तर त्यांनीही कर मागितला. वरून ज्या जमिनीचं जंगल यानं तोडलं होतं तिचे कागद भलत्याच शहरातल्या माणसाच्या नावावर निघाले. मग यानं आणि शेजाऱ्यांनी ठरवलं की आपलं वेगळंच राज्य करायचं. निशाण काढलं, पंच बसवले, अंमलदाराले झाडाले बांधलं. सरकारनं फौज धाडली. बाकीचे नमले, हा जंगलात पळाला. दोन वर्षं त्याचा पत्ता नाही. मेला असंच सगळे म्हणायले लागले. आणि इकडं सरहद्दीवरच्या त्या लाकडाच्या घरात बायको, लेकरं आणि चार बैल.

तो भाग तिथं संपला. मी पुस्तक मिटलं.

"आता का होईन?" मी म्हटलं.

"होते का? गेली असन थे."

"कोठी?"

"बापाच्या घरी. बैल लादले असन अन् डोंगर वलांडला असन."

"पुस्तकातली बाई होय. वाट पायत बसली असन दारात."

"दोन सालं? लेकरायले का खाऊ घालन, दार?"

आमच्यात बैल लादायचं काम बाया करत. तिच्या आजीनं ते केलं होतं की आजीच्या आईनं, ते मले नक्की माहीत नाही, पण ती असं सांगायची जशी स्वतःच लादून आली आहे. गोणी दोन्हीकडून सारखी बसली पाहिजे, नाहीतर चढणीवर बैल बसतो. म्हणून तिले वाटलं की जिच्याजवळ बैल आहेत ती बाई बसून राहणारच नाही.

मी म्हटलं, "लिवणाऱ्यानं तिले एक ओळ देली. अशा बाईले तो डोंगर वलांडू देते का? बसवली असन दारात."

"लावा पैज."

"कायची?"

"मिशीची."

माझ्या मिशा लग्नाच्या आधीपासूनच्या. गालापर्यंत जायच्या, तेल लावून पीळ द्यायचो. मुकुटबनकडच्या बाजारात बैल पाहायले गेलतो तेव्हा तिथले लोक मले नाव विचारत नव्हते, मिशावाले बुवा म्हणत होते. तिले त्या कधी आवडल्या नाहीत. चहा मिशीनं गाळून पिता, म्हणायची. लग्नात मिशाच दिसल्या, माणूस नंतर सापडला, असंही चारचौघांत सांगायची.

"हरलो तर मिशी काढीन," मी म्हटलं. "अन् तू हरली तर?"

"तुमी सांगा."

"तर तू दिवसा हूं म्हनशीन. पुस्तक सरेपर्यंत. दर वाक्याले."

तिनं हातातलं बोंड फोडलं, कापूस ओढला आणि म्हणाली, "वाट चुकन कोनीतरी."

"चुकू दे."

"लागली," ती म्हणाली.

मध्ये दोन-तीन दिवस वाचणं झालं नाही. तुरी काढायच्या होत्या. मग ती दुपार आली. जेवण झालं, बाटी म्हणजे आमची भाकर आणि वांग्याची भाजी, भाजीत तिखट जास्त झालं म्हणून मी बोललो, ती म्हणाली उद्या तुमीच करा. मग टोपलं घेऊन ती टिनाखाली बसली आणि मी वाचायले घेतलं.

शेपटीवाला लपत छपत घरी येतो. रस्त्यात थंडी, बर्फ, अस्वल, त्याची तीन-चार पानं. मले घाई होती, पण मी एकही ओळ सोडली नाही, नाहीतर ती लबाडी म्हणाली असती. मग तो नदीच्या वळणावर येतो. घर दिसते. धूर नाही. दार उघडं. आत चुलीत गवत उगवलेलं. एक म्हातारा शेजारी येतो आणि सांगतो, बाई एक पीक येईपर्यंत थांबली, दुसरंही आलं, मग तिनं बैल लादले, लेकरं वर बसवली आणि डोंगर ओलांडून बापाकडं गेली.

अगदी तसंच. बैल लादले, हे सुद्धा.

मले इतका राग आला. त्या लिहिणाऱ्याचा आला. आख्ख्या पुस्तकात बाईले तोंड उघडू दिलं नाही आणि नेमकं इथं तिले शहाणी केली. मी मान वर न करताच म्हटलं, "घे. जिंकली तू, बुढे."

कवच आलं नाही.

मी समजलो, मजा घेऊन राहिली. माझी फजिती चघळून राहिली. मी बोट घालून पुस्तक मिटलं. "बोल ना आता. मिटलं पुस्तक."

नाही बोलली. मग मी पण चिडलो. म्हटलं बसू दे तशीच, आणि पुस्तक उघडून पुढं मोठ्यानं वाचत सुटलो. शेपटीवाला बायकोच्या मागं डोंगर चढायले लागतो, तिथपर्यंत वाचलं. तेवढ्यात शेळी आली. तिनं सरळ बुढीच्या मांडीवरच्या कापसात तोंड घातलं आणि सरकी खायले लागली. शेळीनं कापसाले तोंड लावलं आणि ती हाकलत नाही, असं आजवर कधी झालं नव्हतं.

तेव्हा मी वर पाहिलं.

तांड्यातल्या एकाची गाडी होती. तिच्यात घालून नेरले नेलं. डॉक्टरानं नळी लावली, डोळे पाहिले आणि म्हणाला, घरीच गेल्या, आजोबा, हृदय बंद पडलं.

"कधी?"

"तासभर झाला असेल. नक्की नाही सांगता येत."

"तासाच्या आधी का मागं?"

तो माझ्याकडं पाहायले लागला. मी म्हटलं, "तिले ऐकू कोठवर आलं असन? मी वाचून राह्यलो होतो. कोणत्या पानापर्यंत ऐकू आलं असन?"

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, पाणी प्या. मी पाणी मागितलं नव्हतं.

मले एवढंच पाहिजे होतं. ती जिंकली हे तिले कळलं की नाही. अस्वलाच्या पानावर गेली, की चुलीतल्या गवतापर्यंत होती, की मी "जिंकली तू" म्हटलं ते ऐकून गेली. हुंकारा असता तर कळलं असतं. कोणत्या वाक्याले थांबला ते मले पक्कं ठाऊक राहिलं असतं. वाटेवरचा कोणी वाट चुकू नये म्हणून तिनं तो दिला नाही.

परत येताना गाडीत एक गोष्ट सुचली. ती बसायची तेव्हा डाव्या हाताले न फोडलेल्या कवड्या, उजव्या हाताले कापूस, पुढ्यात कवचं. मी वाचायले बसलो तेव्हा टोपलं भरलेलं होतं. एका पानात तिच्या किती कवड्या होतात ते मले इतक्या दिवसांत दिसत होतंच. पुढ्यातला ढीग पाहिला तर अंदाज येईल. मी गाडीवाल्याले म्हटलं, जोरात चालव.

घरी आलो तर अंगण झाडलेलं. टिनाखाली सतरंज्या टाकलेल्या. तिच्या भावाची बायको हातात खराटा घेऊन उभी.

"कवड्या कोठी हायेत?"

"लोक बसतीन म्हनून काढल्या, भाऊजी. कचरा उकिरड्यावर टाकला."

मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहिण्यासारखं नाही. बिचारीनं चांगल्यासाठीच केलं होतं. मी उकिरड्यावर गेलो. कवचं शेणात कालवली गेली होती, कोंबड्या त्यात पाय मारत होत्या. तिथं उभा राहून मी ढीग पाहत होतो आणि मागं लोक एकमेकांले हळूच म्हणत होते, बुढ्यावर परिणाम झाला. परिणाम नाही तर काय होईल?

मग माणसं यायले लागली. जो तो सांगे, भाग्याची होती, नवऱ्याच्या आधी गेली. मी म्हणे, असन. अजून कोणी सांगे, त्रास नाही झाला. मी विचारलं, तुले कसं माहीत, तू होता का तिथं? तो उठून दुसरीकडं जाऊन बसला. तिचा भाऊ माझ्याजवळ बसला होता. माझ्याहून लहान, पण मोठ्या माणसासारखा बोलतो.

"भाऊजी, रडून घ्या. मन मोकळं करा."

"मले रडाचं नाही. मले इचाराचं हाये."

"काय?"

"जाऊ दे. तुले नाही समजनार."

पोरगा फोनवर म्हणाला, "बा, मी निघालो. सकाळी पोहचतो. माह्याबिगर नेऊ नका." म्हणून सकाळपर्यंत थांबायचं ठरलं. बायांनी तिले तिच्या पेटीतला फेटिया आणि कांचळी, म्हणजे आमचा घागरा-चोळी, घातली, आरशांची, लग्नानंतर दोन-चारदाच घातलेली. ती मोठी दिसायले लागली. मी दूरच बसलो.

उजाडलं तेव्हा पोरगा यायचा होता. मी उठून पाणी घेतलं, वस्तरा घेतला, आणि तिची लहान कात्री घेतली, जिनं ती शिवणाचा दोरा कापायची. भिंतीवरचा आरसा नव्हता. बायांनी कुठं ठेवला कोण जाणे. मी तिच्या उशाशी जमिनीवर बसलो आणि हातानं चाचपत उजवी मिशी कात्रीनं कापली.

तिचा भाऊ धावत आला. "भाऊजी! हे का करून राह्यले? पोरगा हाये ना? त्याचं काम हाये थे. बायकोसाठी कोनी मिशी काढते का?"

"सुतकाची नाही काढत."

"मंग कायची?"

"पैज हरलो."

"कोनासंगं?"

मी कात्री तिच्याकडं केली. तो म्हाताऱ्यांकडं वळला, त्यांच्यातला एक म्हणाला, "असू दे रे, डोकं ठिकाणावर नाही." मी ऐकलं. मी म्हटलं, "डोकं ठिकाणावर हाये. मिशी नाही ठिकाणावर." कोणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.

तिनं ऐकलं की नाही ते मले माहीत नाही. माहीत पडणारही नाही, इतकं मी त्या उकिरड्यावर समजून चुकलो होतो. पण पुस्तकात छापलं आहे की बाईनं बैल लादले आणि गेली. ते काही बदलत नाही. हरलो म्हणजे हरलो.

डावी बाजू नीट जमेना. वस्तऱ्यानं ओठ कापला, रक्त आलं. तेवढ्यात दारात गलका झाला, पोरगा आला. बॅग खाली टाकली, आईजवळ गेला, पायावर डोकं ठेवून रडला. मग त्यानं मले पाहिलं. अर्धी मिशी, ओठाले रक्त, हातात वस्तरा. मले वाटलं आता हाही विचारील.

त्यानं विचारलं नाही. डोळे पुसले, माझ्यासमोर बसला, खिशातून मोबाईल काढला, त्यात काहीतरी दाबलं आणि माझ्या तोंडासमोर धरला. त्यात माझंच तोंड दिसत होतं, आरशासारखं.

"हळू करा, बा," तो म्हणाला.

मी करायले लागलो. मध्येच फोन वाजला आणि माझं तोंड गायब झालं, तिथं कोणाचं तरी नाव आलं. त्यानं तो कापला. मी पुन्हा दिसलो. राहिलेली मिशी काढली, ओठ धुतला. वरचा ओठ इतक्या वर्षांनी उघडा पडला होता, वारं लागलं तसा गार झाला. मोबाईलमध्ये एक उघडा, कोणाचाही असू शकेल असा म्हातारा होता.

मी तिच्या तोंडावर वाकलो, जवळून पाहता येईल इतका, आणि थोडा वेळ तसाच राहिलो. मग उठलो, वस्तऱ्याचं पाणी अंगणात फेकलं आणि पोराले म्हटलं, "पुढून मी धरतो. तू मागून उचल."